वृत्तवाहिन्यांवरील हिंसा आणि बालमनातील भीती

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याचे थेट प्रक्षेपण २९ तारखेच्या सकाळपर्यंत घरोघरी चालू होते. ताजमहाल हॉटेलच्या घुमटाला वेढणारा धूर, नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो ही दृश्ये मोठ्यांच्या शेजारी बसून मुलांनीही पाहिली. पुढे या प्रक्षेपणावर टीका झाली ती मुख्यतः सुरक्षेच्या अंगाने. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्यातील निकालात वाहिन्यांवर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई झाली. पडद्यासमोरच्या मुलाचा विचार त्या मानाने कमीच झाला.

हिंसा पाहून मूल हिंसक बनते काय, हा प्रश्न आल्बर्ट बांदुरा यांच्या १९६१ मधील बाहुलीच्या प्रयोगापासून चर्चिला जात आहे. बातम्यांच्या संदर्भात मात्र अनुकरणापेक्षा भीतीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. चित्रपट पाहून घाबरलेल्या मुलाला ‘हे खोटे आहे’ असे सांगता येते. बातमीबाबत ही सोय नाही. अमेरिकन संशोधिका जोआन कॅन्टर यांच्या मांडणीनुसार लहान मूल भयानक दिसणाऱ्या गोष्टींना घाबरते, तर मोठे मूल प्रत्यक्षात घडू शकणाऱ्या संकटाला. म्हणजेच राक्षसाची भीती वयानुसार ओसरते आणि बातमीची वाढते. मूल मोठे झाले की त्याला काही वाटत नाही, हा पालकांचा समज येथे फसवा ठरतो. अगदी लहान मुलांची अडचण निराळी आहे. पुनःप्रक्षेपण ही कल्पनाच त्यांना उमजत नसल्याने एकच स्फोट दहा वेळा दाखवला तर त्यांच्या लेखी दहा स्फोट होऊ शकतात.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेत झालेल्या राष्ट्रव्यापी सर्वेक्षणात, पालकांच्या सांगण्यानुसार ३५ टक्के मुलांमध्ये तणावाचे किमान एक लक्षण आढळले. ज्या घरांत दूरचित्रवाणी पाहण्यावर निर्बंध नव्हता, तेथे पाहण्याचे तास आणि लक्षणांची संख्या यांत संबंध दिसला. अर्थात यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. धास्तावलेले मूलच पडद्याला अधिक खिळून राहते, हीदेखील शक्यता आहे.

२०१५ चा नियम केबलवरील वाहिन्यांपुरता आहे. मोबाइलवर परस्पर फिरणाऱ्या चित्रफितींना तो लागू नाही. आणि त्या पाहताना मुलाच्या शेजारी बहुधा कोणी मोठे माणूस नसते.