पावणेदोन एकर आणि अपूर्णांकाचें यंत्र

शिरोळ तालुक्यांत पंचगंगा कृष्णेला मिळते. संगमाच्या आसपासच्या काळ्या जमिनींत ऊस उभा असतो, आणि वांटणीच्या वेळीं तिचा गुंठाच काय, गुंठ्याचा आणासुद्धां मोजून घेतला जातो. एकराचे ४० गुंठे; गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकाच रुंद तुकडा; आणि त्या गुंठ्याचे १६ आणे. दशमान पद्धतीनें १९५७ सालीं रुपयांतून आणा काढला, जमिनींतून मात्र तो अद्याप पुरता गेलेला नाहीं.

समजा, दोन भाऊ व एक बहीण अशा तिघांत येथील एक तुकडा वांटावयाचा आहे, आणि घरांतील जुन्या कागदावर क्षेत्र ‘१·३०’ असें लिहिलेलें आहे. जुन्या रिवाजाप्रमाणें मधला ठिपका एकर व गुंठे वेगळे करणारा. म्हणजे क्षेत्र १ एकर ३० गुंठे, बोलण्यांत पावणेदोन एकर, एकूण ७० गुंठे. शाळेंत दशांश शिकलेला मुलगा तेंच एक पूर्णांक तीन दशांश एकर असें वाचील व ५२ गुंठे धरील. अठरा गुंठे एका ठिपक्यांत दडलेले आहेत. हाच कागद संगणकावरील कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसापुढें ठेवला तर काय होईल?

हीं यंत्रें मूलतः भाषेचीं. पुढचा शब्द कोणता यावा ह्याचा अंदाज बांधीत तीं वाक्यें रचितात. अशा अंदाजानें भागाकार करणें धोक्याचें, म्हणून गणितासाठीं त्यांच्या हातीं वेगळें साधन देतात. तें कसें वापरावें हें यंत्राला कळतें तें मुख्यतः सोबत लिहून ठेवलेल्या माहितीपत्रकावरून: साधनाचें नांव काय, तें कशासाठीं आहे, आंकडे कोणत्या रूपांत द्यावे, परत काय मिळतें, आणि कोठें नकार मिळतो. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ह्या संकेतांत अशा पत्रकाला एक ठराविक सांचा मिळाला. माणूस हत्यार हातांत घेऊन, चुकतमाकत शिकतो. यंत्र पत्रक वाचतें आणि तडक कामाला लागतें.

अपूर्णांकाला वेगळें साधन कां लागावें? संगणक आंकडे दोनाच्या घातांनीं सांठवितो, त्यामुळें एकदशांशासारखी साधी राशिही त्याला सहसा नेमकी मांडतां येत नाहीं. एकदशांश व दोनदशांश यांची बेरीज करावयास सांगितली तर उत्तराच्या १७ व्या दशांशस्थळीं एक आगंतुक ४ उगवतो. गंमत अशी कीं, जुन्या शाळेंत घोकून घेतलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, अडीचकी व औटकी ह्या सर्वांचे छेद दोनाचेच घात आहेत, आण्याचाही तसाच. हे अपूर्णांक संगणकाच्या पोटांत जसेच्या तसे बसतात. अडतें तें तिघां भावंडांपाशीं. जुन्या व्यवहारानें त्यांचीही सोय केली होती: आण्याला १२ पै, म्हणून रुपयाचा तृतीयांश बरोबर ५ आणे ४ पै, आणि जमिनीचा हिस्साही तसाच लिहीत. तोच तृतीयांश ०·३३ असा लिहिला तर तीन हिस्से मिळून ०·९९ होतात. ७० गुंठ्यांचा तो उरलेला शंभरावा भाग सुमारें ७६२ चौरस फूट भरतो. एका लहान घराची ही जागा, आणि ती कोणाच्याच नांवावर नाहीं!

म्हणून अपूर्णांकाचें साधन अंश व छेद वेगळे जपतें. पायथन ह्या संगणकभाषेंत तें २००८ सालापासून आहे. त्याला ७० व ३ दिले कीं उत्तर २३ पूर्णांक एकतृतीयांश. प्रत्येकाला २३ गुंठे व ५ पूर्णांक एकतृतीयांश आणे. परंतु त्यालाच ५२ दिले तर १७ पूर्णांक एकतृतीयांश हेंही तें तितक्याच अचूकपणें सांगेल. भागाकार निर्दोष, आणि प्रत्येकाचे ६ गुंठे बुडाले.

भास्कराचार्यांची लीलावती (११५०) परिभाषेनें सुरू होते, ती उगीच नव्हे. २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म. कोणता आंकडा कशाचा हें आधीं, बेरीज मागाहून. शून्यानें भागलेल्या राशीलाही त्यांनीं ‘खहर’ असें नांव देऊन ठेवलें. आजचें साधन छेद शून्य असतां उत्तर नाकारतें. पण तें नाकारील आणि तेव्हां काय करावें हें पत्रकांत लिहावें लागतें, नाहींतर यंत्र आपल्या मनानें एखादा आंकडा रचून देण्याचा संभव असतो.

मराठीसाठीं लिहावयाच्या पत्रकांत आणखी पुष्कळ यावें लागेल. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. सव्वाशे म्हणजे १२५, शंभरावर पाव नव्हे. साडेएक व साडेदोन कोणी म्हणत नाहीं, तेथें दीड आणि अडीच. जुन्या दप्तरांत पांचापुढें एक उभी रेघ म्हणजे सव्वापांच, दोन म्हणजे साडेपांच, तीन म्हणजे पावणेसहा. अशीं चिन्हें २००९ सालीं युनिकोडच्या अक्षरकोशांत दाखल झालीं, मोडी लिपि २०१४ सालीं. त्यामुळें रेघ कोणती हें यंत्राला ओळखतां येईल. शिरोळच्या त्या कागदावरचा ठिपका मात्र कोणत्याही कोशांत नाहीं. एकर व गुंठे निरनिराळ्या रकान्यांत द्यावे, आणि संशय असेल तेथें अंदाज न करतां माणसाला विचारावें, हें वाक्य पत्रकांत कोणीतरी लिहिलेंच पाहिजे.

पडताळाही सांगून ठेवावा. आजच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर असें असतें. पावणेदोन एकरांचे तेथें ० हेक्टर ७० आर ८२ चौरस मीटर दिसतील, आणि दिसले तर ठिपक्याचा वाद मिटला. हे एकूण ७०८२ चौरस मीटर तिघांत पूर्ण मीटरांनीं वांटले तर प्रत्येकीं २३६० येतात व २ उरतात. ते कोणाकडे जावेत हें त्या भावंडांनीं ठरवावयाचें. साधनानें ते उरले आहेत एवढें सांगितलें पाहिजे.