निर्यातीच्या आकड्यांत न दिसणारे भाडे

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्यापासूनची चर्चा बहुतांशी आयातशुल्काभोवतीच फिरत राहिली, आणि भारताच्या सुमारे ९९ टक्के मालप्रकारांवरील शुल्क हटणार ही बाब किरकोळ नव्हे. परंतु करोना साथीनंतर व्यापार सावरला तो नेमका कोणाचा, हे तपासायचे झाल्यास नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यापुरते तरी शुल्काआधी कंटेनरच्या भाड्याकडे पाहावे लागते.

भारताची वस्तू-निर्यात २०१९-२० मधील ३१३ अब्ज डॉलरवरून पुढच्या वर्षी २९२ अब्जांवर घसरली आणि २०२१-२२ मध्ये ४२२ अब्जांवर पोहोचली. या उसळीत पेट्रोलियम पदार्थ व पोलादाच्या जागतिक दरवाढीचा मोठा वाटा होता, ही गोष्ट उत्सवी भाषणांत सहसा गाळली गेली. शिवाय भारत आपली निर्यात ‘एफओबी’ पद्धतीने, म्हणजे माल बंदरात जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने मोजतो. पुढचे सागरी भाडे त्यात धरलेच जात नाही, त्यामुळे ते कितीही कडाडले तरी राष्ट्रीय आकडा तसाच झळाळत राहतो.

भाडे कडाडण्याचे कारण जहाजांच्या टंचाईपेक्षा रिकामे कंटेनर चुकीच्या जागी साचण्यात अधिक होते. टाळेबंदीत घरी बसलेल्या अमेरिकी ग्राहकांनी वस्तूंची बेसुमार खरेदी केली, लॉस एंजेलिसबाहेर जहाजांच्या रांगा लागल्या, आणि चीनमधून निघणाऱ्या मालाला मिळणारा दर इतका किफायतशीर ठरला की कंपन्या रिकामे कंटेनर परतीच्या मालाची वाट न पाहता थेट चीनकडे नेऊ लागल्या. भारताची आयात मंदावलेली असल्याने न्हावा शेवा बंदरात उतरणारे आणि म्हणून निर्यातीसाठी हाती येणारे कंटेनरही घटले. लंडनच्या ड्र्यूरी या सल्लागार संस्थेचा चाळीस फुटी कंटेनरचा निर्देशांक साथीपूर्वी दीड हजार डॉलरच्या आसपास होता, तो सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला. या निर्देशांकात भारताचा एकही मार्ग नाही, हेही पुरेसे बोलके आहे. मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीने २०२२ मध्ये सुमारे २९ अब्ज डॉलर निव्वळ नफा मिळवला.

द्राक्षाला थांबणे परवडत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी झाली की साधारण चार महिन्यांनी घड तोडणीला येतात. ते पॅकहाऊसमध्ये निवडून, पेटीत गंधक वायू सोडणारा कागद ठेवून, प्रीकूलिंगने थंड करून रीफरमध्ये, म्हणजे शीतयंत्र जोडलेल्या कंटेनरमध्ये शून्य ते एक अंश तापमानाला भरले जातात. कांदा चाळीत राहू शकतो, पिकलेला घड वेलीवर फार दिवस राहत नाही, त्यामुळे कंटेनर मिळेल त्या भाड्याने घ्यावा लागतो. परदेशी विक्रीनंतर खर्च वजा करून पैसे चुकते करण्याच्या व्यवहारात ती वाढ उलट्या वाटेने बागायतदाराच्या दरातच येऊन बसते.

हा प्रश्न साथीबरोबर संपलाही नाही. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात येमेनमधील हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर युरोपकडे जाणारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला आणि नाशवंत मालाचे टिकाऊपण जहाजातच खर्च होऊ लागले. वाणिज्य मंत्रालयाने शुल्कसवलतींच्या तक्त्यांशेजारी न्हावा शेवा ते रॉटरडॅम आणि ब्रिटनपर्यंतचे रीफर भाडेही दरमहा छापले, तर कराराचा किती लाभ बांधापर्यंत पोहोचतो हे निदान मोजता तरी येईल.