डेडलाइन पक्की, सिलॅबस कच्चा!

‘या वेळी आपण अजाइल करू या!’ ट्रेनिंग टीमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हे वाक्य टाकतं आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागायला सुरुवात होते. दिसतं एकदम भारी. पण बॉस, काम कुठलं आहे, हे कुणी विचारलं का?

अजाइलचा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेत लिहिला तो १७ सॉफ्टवेअरवाल्यांनी. चिठ्ठ्यांचं कानबान आलं टोयोटाच्या कारखान्यातून. आणि गरज तपासा, आराखडा करा, साहित्य बनवा, शिकवा, मग परीक्षण करा ही ट्रेनिंगवाल्यांची लाडकी ‘अ‍ॅडी’ पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकन लष्करासाठी तयार झाली. प्रत्येकीचं माहेर वेगळं. मग आपल्या टीमने कुठली घ्यायची?

उत्तरासाठी काचेच्या ऑफिसातून बाहेर या आणि चक्क खामगावला चला. कापूस आणि चांदी, गावाची ओळख या दोन बाजारांची. साल २०१७. १ जुलैपासून जीएसटी लागणार, म्हणजे तारीख दगडावरची रेघ. समजा, इथल्या एका पेढीच्या आणि एका जिनिंगच्या अकाउंट्सवाल्यांना तयार करायचं काम तुमच्या तिघांच्या टीमकडे आलं.

चांदीचं काम त्या मानाने सरळ. जूनच्या सुरुवातीला ३ टक्के दर ठरला, आजही तोच आहे. दर काय, बिल कसं करायचं, जुना स्टॉक कसा दाखवायचा, हे एकदा नीट बसवा आणि शिकवून मोकळे व्हा. इथे अ‍ॅडीसारखी पायरी-पायरीची पद्धत मस्त चालते. तिला ‘जुनाट’ म्हणून नाक मुरडायचं काहीच कारण नाही.

कापसाने मात्र खरी फजिती केली असती. दिवाळी आटोपली, गाड्या बाजारात यायला लागल्या, आणि १५ नोव्हेंबरपासून नियम बदलला: शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने ५ टक्के कर स्वतः भरायचा. तोही रोखीत, क्रेडिटमधून वळता करून नाही. क्रेडिट मिळणार, पण नंतर. म्हणजे ऐन सीझनमध्ये खेळतं भांडवल अडकणार. जुलैत छापलेल्या झकास पुस्तिकेवर विसंबलेला मुनीम इथे मालकाला हजारो-लाखोंचा खड्डा दाखवणार! अशा विषयाला शंभर पानांचा कोर्स नकोच. दोन पानं लिहा, चार जणांवर आजमावा, खरं बिल त्यांच्याच हातून करून घ्या, कुठे अडखळतात ते बघून आठवड्यात सुधारा. अजाइलचा खरा उपयोग तो इथे.

आणि रिटर्नचे फॉर्म? ते तर दोघांच्याही डोक्याला ताप. तीन रिटर्नची योजना होती. सुरुवातीला थ्री-बीचा तात्पुरता मार्ग निघाला, नोव्हेंबरात जीएसटीआर-२ आणि ३ स्थगितच झाले. त्या काळात फोन थांबणार थोडेच? ‘साहेब, हे कुठल्या रकान्यात टाकू?’ याला प्रोजेक्ट म्हणतच नाहीत, ही वाहती रांग. तिला कानबान. पण फळा लावला म्हणजे कानबान झालं असं नाही. एका माणसाच्या हातात एका वेळी दोनच प्रश्न, ही मर्यादा पाळली तरच. ती काढली की तो नुसता चिठ्ठ्यांचा फळा. (रोजची उभ्याने मीटिंग? एकाच टेबलावर बसणाऱ्या तिघांना ती कशाला हवी!)

म्हणजे एकाच टीमकडे, एकाच कायद्यावर, तीन पद्धती. तुमच्या एचआरला हे ऐकायला आवडणार नाही, कारण रिपोर्टचा फॉरमॅट एकच असतो. वाद घाला. नवीन काम आलं की आधी दोन गोष्टी विचारा: तारीख हलू शकते का आणि मजकूर बदलू शकतो का? दोन्ही पक्कं असेल तर निवांत पायऱ्या आखा. तारीख पक्की, मजकूर कच्चा असेल तर छोटे तुकडे पाडा, आणि छपाईचं बजेट आधी काटा.

एक काम मात्र कुठल्याच चार्टमध्ये नसतं: जुनी पानं गोळा करणं. प्रत्येक हँडआउटवर तारीख टाका, आणि नियम बदलला त्या दिवशी टेबलाटेबलावरून जुनी प्रत उचलून आणायला टीममधलं कोण जाणार, त्याचं नाव आजच लिहून ठेवा.