ढग, पूर आणि अनुमान

मागच्या वेळी आपण प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला फरक पाहिला. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनभाष्यात अनुमानाची दोन उदाहरणं येतात. ढग दाटून आलेत, तेव्हा पाऊस पडेल. आणि नदीला पूर आलाय, तेव्हा वर कुठेतरी पाऊस पडून गेला असला पाहिजे. दोन्ही पावसाचीच, बरं का! हवामान खातं पावसाबद्दल बोलतं तेव्हा त्याच्याजवळ प्रत्यक्ष किती आणि अनुमान किती, हे आज पाहू.

प्रत्यक्ष असतंच. रोज सकाळी ८.३० वाजता पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात. पहाटे आणि संध्याकाळी ५.३० च्या वेळेसाठी फुगे सोडतात, जगभर एकाच सुमारास. फुग्याला टांगलेलं छोटं यंत्र वर जाता जाता तापमान, दाब, आर्द्रता रेडिओवरून कळवतं. ३० किलोमीटरच्या आसपास फुगा फुटतो, पण तोवर नोंदी खाली पोचलेल्या असतात.

उपग्रहाचं मात्र तसं नाही. आपल्याला वाटतं, तो वरून तापमान पाहतो. त्याला दिसतं ते हवेतून आणि जमिनीवरून येणारं प्रारण. तापमान त्यावरून काढावं लागतं. रडारसुद्धा पाऊस मोजत नाही, थेंबांवर आपटून परतलेल्या लहरी मोजतं. पूर पाहून पाऊस ओळखावा, त्यातलाच हा प्रकार.

खरी गंमत पुढेच आहे. अरबी समुद्रावर फुगे कोण सोडणार? तिथे मोजमापं विरळ. संगणकाला तर हवेचं अखंड चित्र लागतं, एकही चौकोन रिकामा चालत नाही. मग काही तासांपूर्वी त्यानेच केलेला अंदाज आधाराला घेतात आणि नव्या नोंदींनी तो दुरुस्त करतात. म्हणजे आपण जिला 'आत्ताची हवा' म्हणतो, तिच्यातच आधीचा अंदाज मिसळलेला असतो! कुणी म्हणेल, हा तर चक्रक दोष. आम्हाला तसं वाटत नाही. दर खेपेला बाहेरून नवी नोंद येते आणि जुन्या अंदाजाला खोटं पाडायची संधी तिला मिळते.

तरी सुरुवातीचं चित्र थोडं चुकणारच. म्हणून ते जरा जरा बदलून तेच गणित अनेकदा करतात. बहुतेक वेळा पाऊस आला, तर शक्यता जास्त. मोबाईलवरची टक्केवारी बहुधा अशाच गणितांतून येते. ॲपवाल्यांची गावोगाव पर्जन्यमापकं नसतात.

आता भाषेचं. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे ऐकून आपण पाऊस तुरळक समजतो. तुरळक आहेत ती ठिकाणं. खात्याच्या परिभाषेत त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रं. आपलं शिवार त्यांत असेल की नाही, हे त्या वाक्यात सांगितलेलंच नाही. जूनमध्ये एवढ्यावर कुणी पेरणी केली आणि पाऊस शेजारच्या गावावर पडून गेला, तर बियाणं पुन्हा विकत आणावं लागतं.