चातीवरची झोप

“अंकल, हिलना मत,” म्हणत तपासणीला आलेल्या पोराने माझ्या नाकाच्या मुळापासून मानेमागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरली. झाशीच्या खंडेराव गेटच्या आतलं आमचं घर, रात्रीचे साडेनऊ. माझ्या घोरण्याने घरचे कावले, म्हणून डॉक्टरांनी झोपेची तपासणी सांगितलेली. मापाच्या दहा-वीस टक्क्यांवर त्याने पेन्सिलीने खुणा केल्या, खरखरीत मलमाने कातडी घासली आणि पेस्ट भरलेल्या चिमुकल्या वाट्या चिकटवल्या. डोक्यावर, डोळ्यांशी, हनुवटीला, नडग्यांवर. छाती-पोटाला पट्टे, नाकात नळी, बोटाला चिमटा. मग हुकूम सुटले: डोळे मिचकवा, दात आवळा, पाऊल हलवा. एवढं दावणीला बांधल्यावर झोप कसली येते! पण आली.

सकाळी त्याने लॅपटॉप उघडला. झोप तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचतात. आठ तासांची ९६० पानं. एका पानावर त्याने बोट ठेवलं. रेघेत मध्येच जेमतेम सेकंदभराची दाट थरथर, टोकांना निमुळती, मधे फुगीर. इंग्रजीत तिला स्पिंडल म्हणतात. म्हणजे आजीच्या चरख्यावरची सूत भरलेली चातीच की!

ही चाती मेंदूच्या मध्यभागी, थॅलॅमसमध्ये कातली जाते. कातणं थांबलं तर काय होतं, ते इटलीत व्हेनिसकडच्या एका घराण्याने भोगलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथली माणसं, बहुधा पन्नाशीच्या आसपास, झोप हरवत आणि वर्ष-दीड वर्षात जात. १९८४ मध्ये त्यांतला एक जण बोलोन्याला डॉक्टर एलिओ लुगारेझींकडे दाखल झाला. आलेखात चात्या दिसेनात. मृत्यूनंतर पाहिलं तर थॅलॅमस पोखरलेला. १९८६ मध्ये रोगाला नाव मिळालं, पुढे प्रिऑन प्रथिनाच्या जनुकातला दोषही सापडला. आई-बापांपैकी एकाकडून तो येतो. प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी. गोळ्यांनी खरी झोप परतत नाही.

ही माणसं जागरणाने मरतात की मेंदू झिजल्याने? मला दुसरं जास्त पटतं. पण म्हणून झोप ही चैन ठरत नाही. शिकागोत संशोधक ॲलन रेक्टशाफेन यांनी उंदरांना झोपूच दिलं नाही, तेव्हा भरपूर खाऊनही ते वाळत गेले आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत मेले.

झोप बाहेरूनही मोडता येते. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांचा वेढा पडला, तेव्हा आमच्या गेटच्या याच तटाआड अख्ख्या झाशीने तोफांच्या आवाजात रात्री काढल्या. ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरातच होते. झाशीकरांची झोप बाहेरच्यांनी हिरावली होती. तोफा थांबल्या की ती परत येऊ शकत होती. त्या इटालियन घरात शांतता होती, अंथरूण होतं, चातीच मोडलेली होती.

“तुमच्या चात्या भरपूर आहेत, घोरणंही,” पोरगा हसला. निघताना जिन्यावरून ओरडला, “अंकल, बाल गरम पानी से धोना, पेस्ट छूट जाएगी.” सुटली, दोन पाणी लागली.