बाटलीवरची किंमत आणि पेल्यातली वाइन

वाइन जितकी महाग तितकी ती सरस, आणि हजार रुपयांच्या आतली बाटली पाहुण्यांसमोर ठेवण्याच्या लायकीची नाही, हा समज भारतीय शहरांतील नव्या ग्राहकांमध्ये जितका पक्का आहे तितका तो तपासून पाहण्याचा उत्साह मात्र कोठे आढळत नाही. बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात, जेथे माहिती-तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे पुणे, नाशिक, सोलापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, दुकानातील एकाच फळीवर नाशिकची सुला, अकलूजची फ्रातेल्ली, जवळच्या दोड्डबळ्ळापूरची ग्रोव्हर झंपा आणि चिली किंवा ऑस्ट्रेलियातून आलेली बाटली शेजारी शेजारी उभी असते. आणि ग्राहक द्राक्षाची जात किंवा हंगामाचे वर्ष न पाहता किमतीच्या उतरंडीलाच गुणवत्तेची उतरंड मानून निवड करतो.

ही किंमत कशाकशाची बनलेली असते, हे पाहिले की समजाचा पाया बराचसा ढासळतो. परदेशी वाइनवर भारतात अनेक वर्षे 150 टक्के आयातशुल्क आकारले गेले आहे. म्हणजे बंदरावर पाच डॉलरला उतरलेली बाटली बंदराबाहेर पडेपर्यंत साडेबारा डॉलरची होते आणि त्यावर राज्याचे उत्पादनशुल्क, घाऊक व किरकोळ विक्रेत्याचा नफा आणि हॉटेलात मागवल्यास हॉटेलची भर चढते. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापारकरार 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झाल्यावर किमान पाच डॉलर आयातमूल्याच्या ऑस्ट्रेलियन वाइनवरील शुल्क 100 टक्क्यांवर आले. त्या दिवशी त्या बाटल्यांतील द्रवात काहीही बदल झाला नव्हता, हे किमतीवरून चव ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

देशी बाटलीची कथाही फारशी वेगळी नाही. मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे प्रत्येक राज्याची आकारणी निराळी असते. महाराष्ट्राने 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणात राज्यातील द्राक्षांपासून बनलेल्या वाइनला उत्पादनशुल्कात सवलत दिली, कर्नाटकाने 2007 मध्ये स्वतःचे वाइन धोरण आणले, आणि एका राज्यात बनलेली वाइन दुसऱ्या राज्यात गेली की तिच्यावरील बोजा बदलतो. नाशिकच्या सुलाने बंगळुरू–म्हैसूर मार्गावर चन्नपट्टणजवळ वायनरी चालवावी, यामागील हिशेब यावरून सहज लक्षात येतो. महादेवपुऱ्यातील दुकानात बाटली हातात घेऊन तिच्या मागचे लेबल वाचले, तर द्राक्षाची जात, अल्कोहोलचे प्रमाण, वैधानिक इशारा आणि कमाल किंमत यांच्या आसपास बारीक अक्षरांत केवळ कर्नाटकात विक्रीसाठी अशी सूचना आढळते. तीच वाइन नाशिकमध्ये वेगळ्या किमतीला मिळते, म्हणून ती नाशिकमध्ये कमी चवदार होते असे कोणी म्हणत नाही; मग एकाच फळीवरच्या दोन बाटल्यांतील फरक तेवढा चवीचा, हे कोणत्या तर्काने ठरते?

यावर नेहमी येणारे उत्तर असे की, अनुभवी जिभेला फरक कळतोच. हा दावा प्रयोगांनी तपासलेला आहे. रॉबिन गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, म्हणजे बाटली आणि किंमत झाकून केलेल्या सहा हजारांहून अधिक चाखण्यांच्या विश्लेषणात, वाइनचे शिक्षण न घेतलेल्या लोकांना महाग वाइन सरासरीने किंचित कमीच आवडल्याचे दिसले. प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हा कल उलटा होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्याच वर्षी हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी वीस जणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून वाइन दिली, त्यात पाच डॉलरची एक वाइन एकदा तिच्या खऱ्या किमतीने आणि एकदा पंचेचाळीस डॉलरची म्हणून पाजली. किंमत मोठी सांगितली तेव्हा ती अधिक आवडल्याचे लोकांनी सांगितले, इतकेच नव्हे, तर सुखद अनुभवाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील हालचालही वाढली. त्यामुळे महाग वाइन चांगली लागते म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. त्याला ती खरोखरच चांगली लागते, फक्त त्यामागचे कारण पेल्यात नसते.

तज्ज्ञांच्या गुणांचाही याच वेळी विचार करावा लागतो, कारण लेबलावर किंवा दुकानातील पाटीवर छापलेले ‘91 गुण’ हे किमतीच्या खालोखाल ग्राहकाला गप्प करणारे शस्त्र आहे. शंभर गुणांची ही पद्धत अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी 1970 च्या दशकाअखेर लोकप्रिय केली आणि ती पन्नासपासून सुरू होते, त्यामुळे सत्तर गुण ऐकायला जितके बरे वाटतात तितके ते नसतात. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकाने, जो स्वतः वाइनउत्पादकही होता, कॅलिफोर्निया राज्य मेळ्यातील परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन न सांगता तीनदा दिली. एकाच वाइनला तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात ठेवणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के निघाले, आणि जे एका वर्षी सुसंगत ठरले ते पुढच्या वर्षी तसेच ठरतील याचीही खात्री नव्हती.

याचा अर्थ किंमत सर्वस्वी निरर्थक आहे असा होत नाही, आणि स्वस्त तेच खरे असे म्हणणाऱ्यांचा उलटा हट्टही तितकाच कंटाळवाणा आहे. काच, बूच, लेबल, खोके आणि वाहतूक यांचा खर्च साध्या आणि उत्तम वाइनला जवळजवळ सारखाच येतो; त्यामुळे अगदी तळच्या किमतीत द्राक्षांच्या वाट्याला फार थोडे पैसे उरतात आणि तेथून एक पायरी वर गेल्यास वाढीव रकमेचा बराच भाग खरोखर द्राक्षांत उतरू शकतो. पुढच्या पायऱ्यांवर मात्र प्रत्येक वाढीव रुपयामागे मिळणारा फरक आकसत जातो. ओक लाकडाच्या 225 लिटरच्या पिंपातून 750 मिलिलिटरच्या 300 बाटल्या भरतात, म्हणून हजार युरोचे नवे पिंपही एका बाटलीवर तीन-साडेतीन युरोंचीच भर घालते. त्याच्या वर जी रक्कम मोजली जाते ती नाव, दुर्मीळपणा आणि प्रतिष्ठा यांची असते. ती मोजण्याला हरकत नाही, परंतु तिला चव म्हणू नये.

किमतीच्या मानाने कोणती वाइन सरस, हे ठरवण्याची रीत यातूनच निघते. एकाच जातीच्या द्राक्षाच्या आणि शक्यतो एकाच हंगामाच्या चार-पाच बाटल्या घेऊन त्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात, क्रमांक देण्याचे काम चाखण्यात भाग न घेणाऱ्याकडे सोपवावे, सर्वांचे पेले सारखे ठेवावेत आणि आंबटपणा, तुरटपणा, सुगंध व घोट गिळल्यावर मागे राहणारी चव यांना किंमत उघड होण्याआधीच लेखी गुण द्यावेत. हॉजसन यांच्या धड्याप्रमाणे त्यांतील एक बाटली दोन क्रमांकांखाली ओतून घ्यावी. ज्याने एकाच वाइनला दोन टोकांचे गुण दिले त्याची इतर मतेही त्याच सावधगिरीने वाचावीत, आणि येथे बहुधा सर्वांत ठाम बोलणाऱ्याचीच पंचाईत होते.

उरलेल्या समजांना एवढी जागा देण्याचे कारण नाही. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असलेली वाइन हलकी नसते. उलट नैसर्गिक बुचातून येऊ शकणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास, जो ट्रायक्लोरोअॅनिसोल या संयुगामुळे येतो, त्या झाकणाने टळतो. पेल्याच्या कडेवरून ओघळणाऱ्या धारा दर्जा दाखवत नाहीत; त्या अल्कोहोलचे बाष्पीभवन आणि पृष्ठताण यांचा खेळ असतात. लाल वाइनने डोके दुखण्याचे खापर सल्फाइटवर फोडले जाते, परंतु पांढऱ्या वाइनमध्ये सल्फाइट सहसा अधिक असते. लाल वाइन हृदयाला चांगली असते या समजुतीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. गोड ती स्वस्त आणि म्हणून वाईट, हेही खरे नाही: बंगळुरू ग्रामीण व चिक्कबळ्ळापूर परिसरातील बेंगळुरू ब्लू या भौगोलिक मानांकन मिळालेल्या द्राक्षाच्या गोड वाइनचा जेलीसारखा वास मिथिल अँथ्रॅनिलेट या नैसर्गिक संयुगाचा असतो, तो कोणी वरून घातलेला नसतो, आणि फ्रान्समधील सोतेर्नची गोड वाइन तर जगातील सर्वांत महाग वाइनांमध्ये मोजली जाते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम युरोपातील थंड दगडी घरांचा आहे. तेथे तो सोळा ते अठरा अंश असा अर्थ देतो, बंगळुरूच्या एप्रिलमधील दुपारी मात्र बाटली आधी अर्धा तास शीतकपाटात ठेवावी लागते.

जुनी होईल तशी वाइन सुधारते, या समजापायी सर्वाधिक पैसे वाया जातात. महाराष्ट्र-कर्नाटकातील द्राक्षवेल थंडीत झोपी जात नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून तिच्याकडून साधारण जानेवारी ते मार्च या काळात वाइनचे पीक घेतले जाते, आणि त्यातून बनणाऱ्या परवडणाऱ्या शनँ ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां यांचे सारे आकर्षण ताजेपणात असते. मुरण्यासाठी लागणारा तुरटपणा व आंबटपणा फार थोड्या वाइनांत असतो आणि त्यांनाही बारा-तेरा अंशांचा अंधार लागतो. त्यामुळे लेबलावरील हंगामाचे वर्ष जितके अलीकडचे तितकी अशी पांढरी बाटली घेण्यासारखी. स्वयंपाकघरातील कपाटात कोण्या समारंभासाठी पाच वर्षे जपून ठेवलेली शनँ ब्लां उघडल्यावर तिचा तपकिरी रंग आणि काप करून ठेवलेल्या सफरचंदाचा वास हा प्राणवायूने केलेला बिघाड असतो, आणि त्यावर शेकडो रुपये अधिक मोजले असते तरी तो टळला नसता.