तिचा नकार

नाव न छापण्याचे संपादकांनी कबूल केले, म्हणून हे लिहायला धजावलो.

आमचा साखरपुडा होऊन चार महिने झाले होते. हॉलचे पैसे भरलेले, आईने पुण्याहून शालू पाठवलेला. एका रात्री तिचा फोन आला, "मला हे लग्न नको. पुन्हा फोन करू नकोस." त्याआधी तीन आठवडे ती जेमतेम दोन-तीन तास झोपत होती, अखंड बोलत होती, नवा धंदा काढायचा म्हणून भराभर खरेदी करत होती. मी त्याला लग्नाचा उत्साह समजलो! तिला बायपोलर डिसऑर्डर आहे हे तिने दुसऱ्याच भेटीत सांगितले होते. हे मुद्दाम लिहितो, कारण मंडळातल्या काहींनी "फसवलं रे तुला" असे माझे सांत्वन केले.

या आजारात उन्मादाचे आणि नैराश्याचे काळ येतात. लिथियमला अमेरिकेत १९७० साली मान्यता मिळाली, आणखीही औषधे आहेत. पण बरे वाटते म्हणून ती सोडली की आजार पुष्कळदा उलटतो. तिचे तेच झाले होते. मी मनाशी ठरवले, की हा नकार आजाराचा आहे, ती बरी झाली की परत येईल. सात महिने वाट पाहिली. तिच्या डॉक्टरांना फोन केला, तर तिच्या परवानगीशिवाय ते बोलायला तयार नाहीत. इथला कायदाच तसा आहे.

मग ती बरी झाली. कॉफी घेताना शांतपणे म्हणाली, "तेव्हा मी आजारी होते, खरंय. पण आजही माझं उत्तर तेच आहे." आजाराला दोष देणे सोपे होते, यावर मात्र बोलायला काही उरले नाही.

त्या रात्री जगणे नकोसे वाटले आणि मी ९८८ हा नंबर फिरवला. जुलै २०२२ पासून ही सोय देशभर आहे, दिवसरात्र आणि फुकट. नंतर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ लागलो. २००८ च्या कायद्यानुसार विमा योजनेत मानसोपचार असतील, तर त्यांवर इतर आजारांपेक्षा जाचक मर्यादा घालता येत नाहीत. आपली पॉलिसी काढून वाचा.

पैशांचेही सांगतो. माझ्या क्रेडिट कार्डावर मी तिचे नाव वापरासाठी घातले होते. ४,२०० डॉलरचे बिल आले. खाते माझे, म्हणून देणेही माझे. बँकेला कळवून नाव काढले, तरी झालेला खर्च अकरा महिने फेडला. तिने निम्मे देऊ केले, मी घेतले. आईला ते आवडले नाही.

'नॅमी' या १९७९ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सहाय्यगट रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आणि मित्रांसाठी विनामूल्य असतात. आमच्या भागातला गट महिन्यातून एकदा भरतो. कोणाला एकटे जायला अवघड वाटत असेल, तर संपादकांकडे निरोप ठेवा. माझ्या गाडीत जागा आहे.